सोलर परवडतंय, हप्ता बसत नाही : दूध बिलातनं कपात करून सौरकर्ज का देत नाहीत?

उद्यमनगरवाला
१२ जानेवारी, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,
बरेच दिवस हे लिहायचं डोक्यात होतं, आज सोमवारची सुट्टी म्हणून निवांत बसलोय तर लिहून टाकतो, लांबेल जरा. मी कोल्हापुरात सोलर बसवायचं काम करतो. उद्यमनगरात छोटं दुकान, कामाला चार पोरं. घरांची छतं, शेतातले पंप, गरम पाण्याचे हीटर, जे येईल ते. नऊ वर्षं झाली. आणि या नऊ वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय की गिऱ्हाईक परत जातं ते पॅनेल महाग म्हणून नाही, हप्ता त्याच्या पैशाच्या येण्याजाण्यात बसत नाही म्हणून जातं.

मागच्या आठवड्यातलं सांगतो. करवीर तालुक्यातल्या एका गावात एक वहिनी गिरणी चालवतात. पिठाची चक्की आणि शेजारी मिरची कांडप. मार्च ते मे चटणीचा सीझन, तेव्हा दारात डबे घेऊन बायकांची रांग असतीय, बाकीचे महिने दळपावर. घरी चार म्हशी, दिवसाला २० लिटरच्या आसपास दूध डेअरीला जातंय. गिरणीचं लाइट बिल महिन्याला चार-साडेचार हजार. मी ५ किलोवॅटचं कोटेशन दिलं, पावणेतीन लाख. गिरणीचं कनेक्शन घरगुती नाही त्यामुळं सूर्यघर योजनेची ७८ हजारांची सबसिडी तिथं लागू नाही, म्हणजे सगळा खर्च अंगावरच. पण ५ किलोवॅट म्हणजे उन्हाच्या दिवसांत रोजची २० युनिट आरामात, आणि चटणीचा सीझन नेमका कडक उन्हातला. धंदा आणि ऊन इतकं जुळणारं काम मला वर्षात एखाददुसरंच मिळतं. त्यांच्याकडं ७५ हजार साठलेले होते, २ लाख कर्ज हवं होतं.

तीन ठिकाणी फिरलो त्यांच्याबरोबर. एका ठिकाणी सातबारा नवऱ्याच्या नावावर म्हणून नाही, दुसऱ्या ठिकाणी तीन वर्षांचे रिटर्न मागितले. तिसरीकडं साहेब तयार झाले, १० टक्के, ५ वर्षं, हप्ता ४२५०, दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यात पाहिजे. तर वहिनी म्हणाल्या, "साहेब, ५ तारखेला एकदम ४२५० माझ्याकडं कधीच नसतात. दर दहा दिवसाच्या बिलातनं चौदाशे कापून घ्या, मला कळणारबी नाही." साहेब म्हणाले आमच्या सिस्टीममध्ये तसं होत नाही.

मग त्यांनी पिशवीतनं दूध बिलाची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. घडी घालून घालून मऊ झालेली. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घनांश), दर, रक्कम. खाली कपात : पशुखाद्य, अॅडव्हान्स, इतर. म्हशीचं कर्ज याच चिठ्ठीतनं फिटलं, पेंडीची पोती वर्षानुवर्षं याच चिठ्ठीतनं फिटताहेत, एकदाबी थकलेलं नाही. तीन वर्षांच्या रिटर्नपेक्षा हा कागद खरा आहे असं मला तिथं बसून वाटलं आणि साहेबांनी तो उचलूनसुद्धा बघितला नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. आपल्या जिल्ह्यात गावोगाव दूध संस्था आहेत, विकास सोसायट्या आहेत, साखर कारखाने ऊसबिलातनं कर्ज वळतं करून घेतात. पैसे कापून घ्यायची इतकी घट्ट व्यवस्था दुसरीकडं क्वचितच असेल. मग सोलरच्या कर्जाला ती का वापरत नाहीत? कुणी केलंय का असं? बाहेरच्या देशात कसं करतात?


निवृत्त_बँकवाला
१२ जानेवारी, रात्री ११:०२

चांगला विषय काढलात. ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच सीमाभागात, म्हणून बँकेच्या बाजूनं थोडं सांगतो.

शाखेचा साहेब वाईट नसतो, तो घाबरलेला असतो. २ लाखांच्या कर्जाला जेवढे कागद लागतात जवळजवळ तेवढेच २० लाखांना लागतात, उद्या थकलं तर पॅनेल काढून आणून विकायचं कुठं हा प्रश्न त्याच्यापुढं असतो, आणि सोलर त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ट्रॅक्टर त्याला कळतो, म्हैस कळते.

पण नियम आडवे येत नाहीत हे लक्षात ठेवा. २०१५ पासून अपारंपरिक ऊर्जा प्राधान्य क्षेत्रात, म्हणजे बँकांना ठरावीक वाटा द्यावाच लागतो अशा कर्जांत, आहे, घरगुती कर्जाला १० लाखांपर्यंत. आणि तुमच्या वहिनींची गिरणी हा सूक्ष्म उद्योग झाला. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते ती आधी करून घ्या. सूक्ष्म उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही असं रिझर्व्ह बँकेचंच सांगणं आहे. मुद्रा या छोट्या धंद्यांच्या सरकारी कर्ज योजनेत २ लाख म्हणजे किशोर गट. सातबारा कुणाच्या नावावर आहे हा प्रश्नच तिथं यायला नको.

आणि तुम्ही विचारलंत कुणी केलंय का, तर आपल्या शेजारीच झालंय. २००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं कॅनरा आणि सिंडिकेट या दोन बँकांना आणि त्यांच्या ग्रामीण बँकांना हाताशी धरून घरगुती सोलर दिव्यांच्या कर्जाची योजना दक्षिणेत, मुख्यतः कर्नाटकात सुरू केली. त्यांनी सोलरवर सबसिडी दिली नाही, व्याजावर दिली. साधारण १२ टक्क्यांचं कर्ज गिऱ्हाइकाला ५ टक्क्यांच्या आसपास पडायचं, आणि ती सूट हळूहळू कमी करत नेली. हजारो घरांत त्या कर्जावर दिवे लागले. माझ्या मते त्यातली मोठी गोष्ट म्हणजे शाखेतल्या माणसांची भीती मोडली. एकदा पन्नास खाती नियमित चालली की एक्कावन्नावं कर्ज द्यायला साहेबाचा हात थरथरत नाही.


पंचगंगाकाठ
१३ जानेवारी, सकाळी ७:४०

वहिनींचं चौदाशेचं वाक्य वाचून सेल्कोच्या हरीश हांडेंनी सांगितलेली गोष्ट आठवली. हातगाडीवर विकणारी बाई त्यांना म्हणाली होती, महिन्याला ३०० जड जातात पण रोजचे १० देईन. रक्कम तीच. हांडेंनी १९९५ ला कर्नाटकात सेल्को ही सोलर कंपनी काढली, गरिबाला सोलर परवडत नाही हे खोटं आहे असं म्हणत राहिले, आणि ग्रामीण बँकांच्या मागं लागून लागून प्रत्येकाच्या कमाईप्रमाणं हप्ता पाडून घेतला. शेंगा निघाल्यावर पैसे येणाऱ्याला तसा, रोज कमावणाऱ्याला रोजचा. २०११ ला मॅगसेसे मिळालं त्यांना.

बेळगाव आपल्यापासनं दोन तासावर. तिकडचं इकडं यायला इतकी वर्षं का लागावीत हेच समजत नाही.


दादा_शिरोळकर
१३ जानेवारी, सकाळी ९:१८

धागा चांगला चाललाय पण शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा आहे तो पण घ्या. आमच्या शिरोळ भागात एकट्याची विहीर आणि एकट्याची मोटर असं कमीच. नदीवर जॅकवेल (पाणी उचलायची विहीर), तिथनं दोन-तीन किलोमीटर पाइपलाइन, पाणीपुरवठा संस्था, दोनशे-तीनशे सभासद. तिथं साडेसात एचपीचा सोलर पंप काय करणार? मागेल त्याला सौरपंप योजना चांगली आहे, १० टक्के भरले की पंप, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के, पण ती ज्याची स्वतःची विहीर-बोअर आहे त्याच्यासाठी. भुदरगड, आजऱ्याकडं उपयोग होईल, तिथं रात्री पाण्याला जायचं म्हणजे गव्याची भीती.

आमच्यासाठी शेतीला लाइट देणारी अख्खी लाइन, म्हणजे फीडरच, सोलरवर टाकणं हे खरं काम, म्हणजे सौर कृषी वाहिनी. दिवसा लाइट मिळाली तर रात्री दोनला उठून दारं धरायची पाळी जाईल, त्यासाठी आम्ही रस्त्यावर पण उतरलोय. पण त्याला जागा लागतीय, मेगावॅटला चार एकर धरा. सरकार भाडं देतंय हेक्टरी सव्वा लाख वर्षाला, दरवर्षी ३ टक्के वाढ. म्हणजे एकरी ५० हजार. आता आमच्याकडं एकरी ४० टन ऊस निघाला आणि ३२०० भाव धरला तर १ लाख २८ हजार येतात, खर्च वजा केला तरी माणूस पाण्याखालची जमीन देणार नाही. माळाची, मुरमाड जमीन ज्याची आहे त्याला मात्र हे सोन्यासारखं आहे, शाहूवाडी पन्हाळ्याकडं बघा.


उद्यमनगरवाला
१३ जानेवारी, दुपारी १:३०

दादा, बरोबर आहे तुमचं. पाणीपुरवठा संस्थेची मोटर माझ्यासारख्या छोट्या दुकानदाराच्या आवाक्यातलं कामच नाही.

साहेब (निवृत्त_बँकवाला), उद्यम नोंदणी आज सकाळीच वहिनींच्या मोबाइलवरनं करून दिली. लई उपकार.


मोंबासा_ते_मंगळवारपेठ
१३ जानेवारी, रात्री ९:५५

मी सहा वर्षं केनियात होतो, पंपाच्या कंपनीत. तिथलं डोळ्यानं बघितलेलं सांगतो.

तिथं एम-कोपा नावाची कंपनी आहे, २०११-१२ च्या सुमाराला सुरू झाली. एक छोटं पॅनेल, दोन-तीन दिवे, मोबाइल चार्जर, रेडिओ असा संच. थोडे पैसे आधी भरायचे, मग रोजचे ४०-५० शिलिंग मोबाइलवरनं, साधारण वर्षभर. भरले की दिवा लागतो, नाही भरले की आतल्या सिमवरनं संच बंद. परत भरले की परत चालू, दंड नाही, कुणी दारात येऊन ओरडणार नाही. हे ५० शिलिंग कुठनं आले? लोक रॉकेलला रोज जवळपास तेवढेच घालवत होते. म्हणजे नवा खर्च नव्हताच, जुना खर्च वळवला.

आमच्या गोडाऊनचा राखणदार होता, त्याच्या घरी गेलो होतो एकदा. पत्र्याची खोली, भिंतीवर काजळीचा मोठा काळा डाग, रॉकेलच्या दिव्याचा, आणि त्याच्या शेजारीच नवा पांढरा दिवा. त्याची पोरगी त्या दिव्याखाली अभ्यास करत होती आणि तो मला मोबाइलवर दाखवत होता, अजून ४१ दिवस राहिले, मग हे माझं. दिवस मोजत होता तो. कर्ज घेतलेला माणूस इतक्या आनंदानं हप्ते मोजताना मी आधी बघितला नव्हता.

पण हे सगळं चाललं कारण तिथं २००७ पासनं एम-पेसा होतं, पानपट्टीवालासुद्धा मोबाइलवर पैसे घ्यायचा. वसुलीचा रस्ता आधीच तयार होता, सोलरवाले त्या रस्त्यावरनं गेले. उद्यमनगरवाले, आपला रस्ता म्हणजे तुमची ती दुधाची चिठ्ठी. तुमचं डोकं एकदम योग्य ठिकाणी चाललंय.

अजून एक. तिथल्या उद्योगाला पैसा फार महाग पडतो. कर्ज डॉलरमध्ये, गिऱ्हाईक देणार शिलिंगमध्ये, शिलिंग घसरला की कंपनीचं गणित कोसळतं. आफ्रिकेकडं जगातल्या उत्तम सौर जागांपैकी ६० टक्के आहेत असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं २०२२ ला लिहिलं होतं आणि बसवलेलं सोलर जगाच्या फक्त १ टक्का. ऊन आहे, माणसं आहेत, स्वस्त पैसा नाही.


अर्थशास्त्राची_पोर
१४ जानेवारी, रात्री १२:२०

मी विद्यापीठात एमएला आहे, वरच्या मुद्द्याला धरून लिहिते कारण हे लोकांना पटकन समजत नाही असं मला वाटतं.

डिझेल पंपाला सुरवातीला कमी पैसे लागतात आणि मग रोज डिझेल. सोलरला उलटं, २५ वर्षांची वीज पहिल्या दिवशीच विकत घ्यायची. त्यामुळे सोलरच्या युनिटचा खरा भाव ऊन ठरवत नाही, व्याज ठरवतं. वहिनींचेच २ लाख घ्या. १० टक्क्यांनी ५ वर्षांत २ लाख ५५ हजार जातात. तेच एखाद्या खाजगी फायनान्सकडून १८ टक्क्यांनी घेतले तर हप्ता ५०८० च्या घरात आणि एकूण ३ लाख ५ हजार. पॅनेल तेच, ऊन तेच, ५० हजार फक्त व्याजाच्या दरातले.

मोठ्या प्रकल्पांना हे जमलंय. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या लिलावात युनिटला ११-१२ रुपये दर होता, २०१७ ला राजस्थानात भाडला इथे २.४४ वर आला. पॅनेल स्वस्त झाली हे आहेच, पण सरकारी कंपनी २५ वर्षं वीज घेणार असा लेखी करार असल्यामुळे बँकांनी कमी व्याजात पैसे दिले हेही तितकंच आहे. १९८७ पासून इरेडासारखी खास संस्था आहे कर्ज द्यायला. पण गावातली गिरणी, दूध थंड करायचा टँक, भाजी वाळवायचा ड्रायर यांच्यामागे तसा लेखी भरवसा देणारं कुणी नाही. दूध संस्थेचं कपातीचं हमीपत्र हे त्या २५ वर्षांच्या कराराचं गावातलं रूप होऊ शकतं. मला खरंच वाटतं यावर कुणीतरी नीट काम करायला हवं, मी माझ्या प्रबंधासाठी हाच विषय मागणार आहे.


माहेर_कागल
१४ जानेवारी, दुपारी ३:१०

सगळ्यांचं वाचलं. मी स्वतः तीन म्हशी सांभाळते म्हणून विचारते, राग मानू नका. म्हैस आटली की काय करायचं? भाकड काळात दोन-तीन महिने तिचं दूध शून्य. चारातल्या दोन एकदम आटल्या तर बिल अर्ध्यावर येतंय, पेंड तर चालूच ठेवावी लागतीय, त्यात ठरलेले चौदाशे कापले तर हातात काय येणार? उन्हाळ्यात दूध तसंही कमी. बाईनं कर्ज काढलं आणि घरात पैसा आला नाही तर बोलणी बाईलाच बसतात.


उद्यमनगरवाला
१४ जानेवारी, रात्री ८:४५

ताई, राग कसला, हे मला सुचलंच नव्हतं. आज वहिनींना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या उन्हाळ्यात दूध कमी पण तेव्हा चटणीचा रोख पैसा असतो, पावसाळ्यात दोन्ही कमी, आणि दिवाळीला डेअरीचा फरक, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावरची वाढीव रक्कम, येतो तो चांगला मोठा असतो. म्हणजे हप्ता सगळीकडं सारखा नकोच. थंडीत जास्त, पावसाळ्यात कमी, आणि दिवाळीच्या फरकातनं एक मोठी रक्कम. पावसाळ्यात सोलर पण कमीच बनवतंय, तिकडं गगनबावड्याला तर जून-जुलैत आठवडा आठवडा ऊन दिसत नाही, तेव्हा लाइट बिलातली बचत पण घटते, त्यामुळं तो काळ हलका ठेवलेलाच बरा.


निवृत्त_बँकवाला
१४ जानेवारी, रात्री ९:३०

ताईंचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात मोलाचा. बँकेला कमीजास्त हप्ते चालतात, पीक कर्जाला आपण वर्षानुवर्षं सुगी बघूनच मुदत देतो. फक्त मंजुरीच्या वेळीच तक्ता तसा बनवून घ्यायचा, नंतर बदल मागितला तर खातं पुनर्रचित म्हणून शेरा पडतो आणि त्याचा त्रास पुढं होतो. अर्जासोबत मागच्या दोन वर्षांच्या सगळ्या दूध बिलांचा उतारा डेअरीच्या सचिवाकडून सहीशिक्क्यानिशी जोडा. वर्षाला ३६ बिलं, दोन वर्षांची ७२. कुठल्या महिन्यात किती येतात हे साहेबाला आपोआप दिसेल.


वारणेचा_तुकाराम
१५ जानेवारी, सकाळी ६:५०

मी जरा विरोधात लिहितो. माझ्या घरी चार वर्षांपूर्वी ३ किलोवॅट बसवलं, एका ओळखीच्या एजन्सीकडनं, नाव घेत नाही. दुसऱ्या वर्षी वळवाच्या पावसात वीज पडली, इन्व्हर्टर गेला. फोन उचलेना, दुकान बंद. कंपनी म्हणते अर्थिंग नीट नव्हतं, वॉरंटीत बसत नाही. सात महिने छतावर नुसत्या काचा, आणि हप्ता मात्र दर महिन्याला बरोबर ५ तारखेला गेला. मी शेवटी २८ हजार घालून नवा इन्व्हर्टर घेतला. दूध बिलातनं कापायची सोय झाली तर माझ्यासारख्या माणसाला हप्ता थांबवायचा हातातला एकमेव उपाय पण जाईल. पैसा आपोआप जाणार आणि दुरुस्ती कुणी करणार नाही. याचं उत्तर द्या आधी.


पंचगंगाकाठ
१५ जानेवारी, सकाळी ८:१५

तुकारामदादा, याला बांगलादेशात उत्तर काढलं होतं. ग्रामीण शक्ती ही तिथली सोलर बसवणारी संस्था १९९६ ची, आणि २००३ पासून इडकोल नावाच्या तिथल्या सरकारी वित्त कंपनीनं जागतिक बँकेचा पैसा घेऊन अशा संस्थांना पुरवला, ४० लाखांच्या वर घरांत सोलर गेलं. तिथं हप्ता गोळा करायला येणारा माणूस आणि दुरुस्ती करणारा माणूस बहुतेक ठिकाणी एकच होता. दिवा लागत नसेल तर तो हप्ता मागूच शकत नव्हता, आधी पेचकस काढायला लागायचा.

पुढं तो कार्यक्रम मंदावला ते पण सांगतो. २०१३ नंतर विक्री उतरत गेली. गावोगाव तारेची लाइट पोचली, आणि दुसऱ्या सरकारी योजनेतनं तसेच संच फुकट वाटायला सुरवात झाली. शेजाऱ्याला फुकट मिळालं तर हप्ता कोण भरणार? संस्थांचे पैसे अडकले, माणसं कमी करावी लागली. त्यामुळं सबसिडी आणि उद्योग दोन्ही एकाच गावात चालवायचे असतील तर आधी नीट ठरवायला पाहिजे की फुकट कुणाला आणि हप्त्यावर कुणाला.


शिरोली_फौंड्री
१५ जानेवारी, दुपारी १२:०५

तुकाराम यांच्या मुद्द्यावर, आमच्या फौंड्रीच्या शेडवर सोलर आहे. भट्टीला टनाला ६०० युनिटच्या आसपास लागतात त्यामुळं शेडवरचं सोलर आमच्या बिलाचा छोटा भागच भागवतं, तरी पण फायद्यात आहे. आम्ही करारात स्पष्ट घातलं होतं, एकूण रकमेतले १० टक्के एक वर्ष रोखून धरायचे आणि अर्थिंगचा रिपोर्ट, लाइटनिंग अरेस्टरचे फोटो दिल्याशिवाय शेवटचं पेमेंट नाही. छोट्या गिऱ्हाइकाला असं भांडता येत नाही. त्याच्यासाठी बँकेनंच हे करावं, कर्जाचा शेवटचा भाग एक वर्ष मागं ठेवावा.


उद्यमनगरवाला
१५ जानेवारी, रात्री १०:४०

तुकारामदादा, तुमच्यावर जे बेतलं ते आमच्याच धंद्यातल्या माणसानं केलंय, मला वाचून वाईट वाटलं. इन्व्हर्टरला ५ ते १० वर्षं वॉरंटी असते पण अर्थिंग चुकलं की सगळं मुसळ केरात. अर्थिंगच्या खड्ड्यात तीन-चार हजार वाचवायला जातात आणि अख्खं सोलर धोक्यात घालतात.

पण दुकानं बंद का पडतात ते आतनं सांगतो, कारण धाग्याचा अर्धा विषय तोच आहे. सूर्यघरची सबसिडी गिऱ्हाइकाच्या खात्यात येते, ते चांगलंच आहे. पण बरीच माणसं म्हणतात सबसिडी आली की देतो, आणि आम्हाला काम हवं असतं म्हणून आम्ही हो म्हणतो. दहा घरं झाली की ७ लाख ८० हजार अडकले. पॅनेलवाल्याला पैसे आधी द्यायचे, पोरांचा पगार शनिवारी. बँक आम्हाला कॅश क्रेडिट देताना घर तारण मागते. चार महिने अडकले तर १४ टक्क्यांनी ३६ हजार नुसतं व्याज, माझा दोन-तीन घरांचा नफा तिथंच गेला. असे दोन पावसाळे निघाले की दुकान बंद, आणि गिऱ्हाईक तुमच्यासारखं वाऱ्यावर. गिऱ्हाइकाला कर्ज देणं आणि बसवणाऱ्याला खेळतं भांडवल देणं ही दोन्ही एकाच गाडीची चाकं आहेत, सरकारचं सगळं लक्ष एकाच चाकावर.

म्हणून मला असं सुचतंय. दर बिलातनं हप्ता १४२०, आणि वर ८० रुपये वेगळे, डेअरीतच गिऱ्हाइकाच्या नावानं दुरुस्ती खाती. वर्षाला २८८० होतात. त्यातनं वर्षाची तपासणी, धुणं, किरकोळ काम भागतं, आणि दहा वर्षांत इन्व्हर्टरसाठी थोडेफार पैसे जमतात. माझं दुकान उद्या नसलं तरी पैसे डेअरीत आहेत, दुसरा कुणीही येऊन काम करेल. आणि शिरोलीवाल्यांनी सांगितलं तसं माझे १० टक्के एक वर्ष अडकवून ठेवा, माझी तयारी आहे.


वारणेचा_तुकाराम
१६ जानेवारी, सकाळी ७:२०

८० रुपयांचं पटलं. तो खड्डा खणताना गिऱ्हाइकाला समोर उभं करा, एवढं करा. मला कुणी दाखवलंच नव्हतं.


माहेर_कागल
१६ जानेवारी, दुपारी २:००

बचत गटातल्या बायकांना वाचून दाखवलं. महाराष्ट्रातल्या एका कंपनीचे सोलर ड्रायर बायकांकडं आहेत, कांदा-टोमॅटो वाळवून देतात, त्या कंपनीला २०२३ ला अर्थशॉट हे पर्यावरणाच्या कामाचं बक्षीस मिळालंय असं आमच्यातल्या एकीनं सांगितलं. आमच्याकडं मेथी, मिरची, आंबोशी करता येईल. गटाला हप्ता एकत्र आणि कपात आठ जणींच्या दूध बिलात वाटून, असं चालेल का? एकीची म्हैस आटली तर बाकीच्या सात जणी सांभाळतील, तसं आम्ही आत्ताही सांभाळतोच.


निवृत्त_बँकवाला
१६ जानेवारी, सायंकाळी ६:१०

ताई, गटाचं कर्ज उत्तमच. बँकांचा बचत गटांचा अनुभव चांगला आहे.

उद्यमनगरवाले, आता कामाचं. डेअरीच्या संचालक मंडळाचा ठराव लागेल. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात : सभासदाच्या लेखी संमतीनं कपात, कपात झाल्यापासून किती दिवसांत रक्कम बँकेत भरणार, आणि सभासदानं दुसऱ्या डेअरीला दूध घालायला सुरवात केली तर बँकेला किती दिवसांत कळवणार. तिसरी विसरू नका, साहेब पहिला प्रश्न तोच विचारेल. बोलवलंत तर मी येतो मीटिंगला.


उद्यमनगरवाला
१४ मार्च, रात्री ९:२०

मंडळी, दोन महिने लागले, उशिरा लिहितोय.

निवृत्त साहेब खरंच आले. डेअरीच्या मीटिंगमध्ये दीड तास बसले. चेअरमन आधी तयार नव्हते, आम्ही वसुली एजंट आहे का म्हणाले. साहेबांनी म्हशीच्या कर्जाची कपात दाखवली, म्हणाले तिथं म्हैस लिहिलंय इथं सोलर लिहा. ठराव झाला, तिन्ही गोष्टींसकट. ७२ बिलांचा उतारा जोडला. गावाच्याच जवळच्या एका बँकेच्या नव्या साहेबांनी मुद्रातनं २ लाख मंजूर केले, हप्त्याचा तक्ता मात्र त्यांनी सगळे महिने सारखाच ठेवलाय, पावसाळ्यात कमी करायला वरून परवानगी मिळाली नाही. ते भांडण अजून बाकी आहे. दिवाळीच्या फरकातनं जादा भरायला मात्र हरकत नाही म्हणाले. माझे १० टक्के रोखून धरलेत.

पॅनेल फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात चढली. अर्थिंगचे तीन खड्डे, वहिनी आणि त्यांचे मिस्टर दोघं उभे होते, कोळसा मीठ घालताना फोटो काढले. चटणीचा सीझन सुरू झालाय. काल गेलो होतो तर कांडप चालू होतं, सगळ्या गिरणीत मिरचीचा खाट, डोळ्यातनं पाणी, बाहेर बायकांची ओळ, आणि मीटरजवळच्या डिस्प्लेवर दुपारी एकला ४.१ किलोवॅट.

वहिनींनी १ ते १० मार्चचं बिल दाखवलं. सोलरला वेगळा रकाना अजून छापलेला नाही, त्यामुळं सचिवांनी 'इतर'समोर पेनानं लिहिलंय, १५००. त्याच्या शेजारी कंसात, सोलर १४२०, दुरुस्ती ८०. फोटो टाकायची परवानगी विचारून ठेवलीय, उद्या दुकानातनं टाकतो.


माहेर_कागल
१४ मार्च, रात्री ९:३१

ठरावाची झेरॉक्स मिळेल का? आमच्या डेअरीची मीटिंग २२ तारखेला आहे.